बालीतलं इंडियन रेस्टॉरंट, सहा हजाराचं बिल आणि आईची शेंगा चटणी

सातरस्ता_सुन्या:

नमस्कार सोलापूरकर मंडळी, लई दिवसांनी लिहितोय. दिवाळीच्या सुट्टीत बालीला जाऊन आलो, मी, बायको, दोन पोरं आणि आई. आईचं वय ६८, लिंगायत घर, अंडं सोडा, केकमध्ये अंडं असतं कळल्यापासून नातवाच्या वाढदिवसाला केक पण खात नाही. तिला घेऊन जायचं म्हटल्यावर मी आधीच नेटवर बघून ठेवलं होतं की कुटा म्हणून तिकडचा बीचचा भाग आहे, त्या बाजूला इंडियन रेस्टॉरंटं ढिगानं आहेत, म्हटलं जेवणाचं टेन्शन नाही.

पहिल्याच रात्री गेलो एका ठिकाणी. नाव सांगत नाही, उगीच भांडण नको. बाहेर गणपतीची मोठी मूर्ती, आत जुनी हिंदी गाणी, मेन्यू कार्डवर हत्ती. वेटर लोकल पोरगा होता पण "नमस्ते माताजी" म्हणाला, आई एकदम खूश. घेतलं काय तर दाल तडका, पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, नान, दोन जीरा राईस, पापड, लस्सी. व्हेज कोल्हापुरी मीच मागवली, म्हटलं निदान नाव तरी आपल्या बाजूचं आहे.

ते आलं आणि मी बायकोकडं बघितलं, बायको माझ्याकडं. पनीरची भाजी आणि कोल्हापुरी एकाच पातेल्यातनं काढल्यासारखी, एकीत पनीर आणि दुसरीत फरसबी, बाकी रंग तोच, वास तोच, आणि दोन्ही गोड! कोल्हापुरी गोड म्हणजे काय ओ. दाल वर वर गरम, खाली कोमट. आईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली "लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं उरलेलं दिसतंय". नंतर तिनं पर्समधनं शेंगा चटणीची पुडी काढली आणि नानला लावून खाल्ली, वेटर बघतच राहिला.

बिल ऐका आता. नान एक ३५ हजार रुपिया (तिकडचं चलन), आम्ही ९ घेतले. दाल ८५ हजार, पनीर ११० हजार, कोल्हापुरी १०५. पापड तीन, ७५ हजार. पाण्याची बाटली ३५ हजार, जी बाहेरच्या छोट्या मार्टमध्ये त्याच्या चौथ्या भागात मिळत होती. सगळं मिळून ९ लाख ८० हजार झालं आणि त्याच्यावर ५ टक्के सर्व्हिस आणि मग १० टक्के टॅक्स, म्हणजे ११ लाख ३२ हजार. मेन्यूवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात दोन अधिकची चिन्हं होती, त्याचा अर्थ हा असतो ते मला बिल बघून कळलं. आपले सहा हजार झाले. सहा हजारात इकडं सगळ्या भावकीला जेवू घातलं असतं.

पैशाचं दुःख नाही (थोडं आहे). मला प्रश्न असा पडलाय की बाहेर टुरिस्ट एरियात इंडियन जेवण सगळीकडं असंच का असतं? आमच्या साडूचा थायलंडचा अनुभव पण हाच, चुलत भावाचा दुबईचा पण. पुढच्या वर्षी युरोपचं चाललंय, आई परत बरोबर असणार. अनुभव लिहा, काय करावं ते सांगा.

गड्डा_फॅन:

कोल्हापुरी गोड 😂 बालीला जाऊन कोल्हापुरी मागवणाऱ्याला हीच शिक्षा पाहिजे.

भुईकोट७०:

सुन्या, ९ नान ५ माणसात? आणि वर जीरा राईस? मग बरं होतं म्हणायचं जेवण.

सातरस्ता_सुन्या:

@भुईकोट७० पोरांनी ५ खाल्ले ओ, नुसते, बटर लावून. त्यांना भाजी नकोच होती.

वस्ताद_जुळेसोलापूर:

सुन्या मालक, मी सांगतो, कारण मी त्याच भटारखान्यात होतो, म्हणजे त्याच नव्हे पण तसल्याच. ९ वर्षं बाहेर काढली, आधी मस्कत, मग थायलंडला बीचवरच्या एका गावात. आता इकडं जुळे सोलापुरात छोटी खानावळ आहे. बिनधास्त सांगतो आता, मालक वाचणार नाही.

तुम्ही म्हणालात एकाच पातेल्यातनं काढल्यासारखं. बरोबर आहे, तसंच असतं. सकाळी तीन ग्रेव्ह्या बनतात. लाल म्हणजे टोमॅटो, काजू, बटर, त्यात साखर किंवा मध. पांढरी म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज (खरबुजाच्या बिया). आणि तिसरी तांबडी-पिवळी, कांदा तळून टोमॅटो-हळदीत आटवलेली. ह्या डब्यात भरून फ्रीजला. ऑर्डर आली की कढईत एक पळी ग्रेव्ही, त्यात पनीर टाकलं की पनीर बटर मसाला, कोफ्ता टाकला की मलाई कोफ्ता, सिमला मिरची टाकली की कढाई. कोल्हापुरी म्हणजे तिसऱ्या डब्यातली ग्रेव्ही आणि वर तेलात लाल मिरच्या. तुम्हाला गोड लागली म्हणजे त्या दिवशी तिसरा डबा संपलेला होता आणि पोरानं लाल डब्यातनं काढलं, पैज लावतो.

आता ह्यात वाईट काही नाही हं, आपल्या सात रस्त्यावरच्या फॅमिली रेस्टॉरंटात पण हीच पद्धत आहे, नाहीतर १५ मिनिटात भाजी कशी येईल. फरक आहे तो ग्रेव्ही किती दिवसाची आणि फोडणी ताजी दिली का नाही ह्यात. दाल तडक्यात तडकाच तर असतो, तो वरनं ताजा द्यायचा, लसूण, जिरं, मिरची, तूप कडकडीत. आम्ही थायलंडला काय करायचो, दुपारीच अख्ख्या दालीला तडका देऊन ठेवायचो आणि रात्री नुसती मायक्रोवेव्हमध्ये गरम. तुमची दाल वर गरम, खाली कोमट, ती तसली.

असं का करायचो तर ग्रुप. संध्याकाळी सात वाजता बस यायची, ४० माणसं, पाऊण तासात जेवून उठली पाहिजेत कारण साडेआठला पुढची बस. माणशी रेट एजंटनं ठरवलेला, मेन्यू ठरलेला, ड्रायव्हर आणि गाईड फुकट. त्या ४० जणात गुजराती, मारवाडी, दिल्लीवाले, दोन जैन, एक आजोबा ज्यांना तिखट चालत नाही आणि एक लहान पोरगं. पोरगं रडलं की गाईड येऊन आमच्यावर ओरडणार. मग वस्ताद मिरची काढून घेतो आणि साखर वाढवतो. गोड जेवणाची तक्रार कुणी करत नाही, तिखटाची करतात.

आणि खरी गोष्ट तर ही की तुम्ही परत येणार नाही हे मालकाला माहीत असतं. तुम्ही आज बालीत, परवा विमानात. त्याला एकदाच तुमचं तोंड बघायचंय. माझ्या खानावळीत मेसचं पोरगं आज आमटी पाणचट लागली तर उद्या समोरच्याकडं जातं, आणि जाताना चार मित्र घेऊन जातं. बाहेर माझ्या हाताला चव नव्हती असं नाही ओ, गरजच पडली नाही.

अक्का_नवीपेठ:

वस्ताद, एकदम खरं लिहिलंत.

विजापूरवेस_अज्जू:

वस्तादभाई सलाम. पण सगळीकडं असं नाही हे मी ठामपणे सांगतो. मी सिंगापूरला कामानिमित्त ४ वेळा जाऊन आलोय. तिकडं लिटल इंडिया, सेरंगून रोडला, टुरिस्ट एरियाच आहे तो, पण इडली-डोसा-मील्स अस्सल मिळतं. कोमला विलास तर १९४७ पासून चालू आहे, केळीच्या पानावर साधं जेवण. कारण काय, तिकडं तमिळ लोक पिढ्यानपिढ्या राहतात, कामगार रविवारी तिथंच येऊन जेवतात. टुरिस्ट नुसता वरचा धंदा आहे. म्हणजे वस्तादभाई म्हणतात तेच उलटं करून बघा. जिथं रोजचं गिऱ्हाईक आहे तिथं खा. मी काय करतो, आत जायच्या आधी दोन मिनिटं काचेतनं बघतो, जेवणाऱ्यांच्या गळ्यात कॅमेरा आहे का ऑफिसचं आयकार्ड. आयकार्ड असेल तर आत.

बाकी बिलाचं, सिंगापूरला पण मोठ्या हॉटेलात ती दोन चिन्हं असतात, १० टक्के सर्व्हिस आणि वर जीएसटी, आता ९ टक्के झालाय. साध्या खानावळीत नसतं ते.

गड्डा_फॅन:

आयकार्ड थिअरी 👌

मी लंडनला भावाकडं गेलेलो तेव्हा ब्रिक लेनला फिरवलं त्यानं. दारात माणसं उभी, "या साहेब, २० टक्के सूट, वाईन फ्री" म्हणून हात धरायचेच बाकी. आपल्या बस स्टँडवर जीपवाले तुळजापूर तुळजापूर ओरडतात तसं. भाऊ म्हणाला इंडियन बोर्ड असला तरी मालक बहुतेक बांगलादेशचे, सिल्हेटकडचे. जेवण आपल्या चवीचं नव्हतं पण वाईट पण नव्हतं, वेगळंच काहीतरी होतं. आणि पाणी साधं नळाचं मागितलं तर फुकट देतात तिकडं, हे लक्षात ठेवा.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो, शिव्या द्या पाहिजे तर. २०१८ ला स्वित्झर्लंडला ग्रुप टूरनं गेलो होतो, युंगफ्राउयोखला वर चढलो रेल्वेनं, ३४५४ मीटर उंची, बाहेर बर्फ, माझी मिसेस थंडीनं आणि विरळ हवेनं अर्धमेली झालेली. तिथं वर बॉलीवूड नावाचं इंडियन रेस्टॉरंट आहे, बुफे. तुम्ही म्हणता तसंच जेवण, तीच दाल, तोच जीरा राईस, मिरची नाही की काही नाही. पण त्या ठिकाणी गरम वरणभात ताटात पडला आणि मिसेसच्या डोळ्यात पाणी आलं हो. सुन्या, मी तर म्हणतो टुरिस्ट जागेवर चवीसाठी नाही, पोटासाठी जावं. सोलापूरची चव पाहिजे तर सोलापुरात राहावं.

भुईकोट७०:

काका बर्फात वरणभात कुणालाही अमृत लागणार, त्याचं क्रेडिट बर्फाला द्या.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

बरं, बर्फाला देतो.

अक्का_नवीपेठ:

सुनील (सुन्या म्हणवत नाही बाई मला), आईंना घेऊन युरोपला जाणार तर माझं ऐक. मी ह्यांच्याबरोबर दोनदा जाऊन आले, आणि मी पण तुझ्या आईसारखीच.

कडक भाकरी ने. ज्वारीची आणि बाजरीची अर्धी अर्धी. पातळ थापलेली, पूर्ण वाळवलेली घ्यायची, मऊपणा राहिला की चौथ्या दिवशी बुरशी. नीट वाळलेली महिनाभर काही होत नाही. बॅगेत चुरा होतो म्हणून लोक नेत नाहीत, अरे चुराच करून खायचाय की शेवटी. मी स्टीलच्या गोल डब्यात उभ्या रचून नेते. सुपरमार्केटात साधं दही मिळतं सगळीकडं, त्यात भाकरी चुरायची, वर शेंगा चटणी, दहा मिनिटं भिजू द्यायची. हॉटेलच्या खोलीत बसून जेवण होतं, वास नाही, गॅस नाही, मॅनेजरची कटकट नाही.

तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, माझ्या जावेचा तुपाचा डबा काढून घेतला एअरपोर्टवर, बिचारी रडायलाच लागली, घरचं तूप होतं. शेंगा चटणी, शेंगा पोळी चालते, मात्र चटणी मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत मिरचीची पूड सिक्युरिटीवाले काढून घेतात.

आणि शाकाहारी म्हणून सांगून भागत नाही. पूर्वेकडच्या देशात भाजीत माशाचा सॉस असतो आणि ते लोक त्याला मांसाहार धरतच नाहीत, त्यांच्या दृष्टीनं ते मिठासारखं. बालीत चटणीत कोळंबीचा आंबवलेला गोळा घालतात, तेरासी म्हणतात. युरोपात पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, दूध फाडायला घालतात ते. आईंना हे सगळं सांगू नको, तूच बघून मागव.

सातरस्ता_सुन्या:

अक्का 🙏 तेरासीवरनं आठवलं, मी खरी गोष्ट लिहायचीच विसरलो!

इंडियन रेस्टॉरंटला कंटाळून तिसऱ्या दिवशी आम्ही उबूदला गेलो. आमचा ड्रायव्हर बालीचाच, त्याला आईची अडचण सांगितली तर त्यानं कागदावर त्यांच्या भाषेत लिहून दिलं, तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलुर. म्हणजे तेरासी नको, मासा नको, अंडं नको. आणि एका वारुंगला घेऊन गेला, वारुंग म्हणजे तिकडची टपरीवजा खानावळ, चार बाकडी, एक बाई एकटीच करणारी. दारात केळीच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली, ते बघून आई आत यायला तयार झाली, नाहीतर गाडीतच बसणार होती.

त्या बाईनं गादो-गादो करायला घेतलं. आमच्यासमोर पसरट दगडी उखळात भाजलेले शेंगदाणे टाकले, मिरची, लसूण, चिंच, ताडाचा गूळ, आणि दगडी बत्त्यानं रगडायला लागली. आई उठली ओ बाकड्यावरनं! जाऊन तिच्या शेजारी उभी. तेल सुटेपर्यंत रगडतेय का बघायलालती. तेल सुटलं तशी माझ्याकडं वळून म्हणाली, "आपलीच की रे". मग त्या बाईनं त्यात गरम पाणी घालून पातळ केलं आणि उकडलेली कोबी, चवळीच्या शेंगा, मोड आलेले मूग, बटाटा, टोफू ह्यावर ओतलं. वर पापडासारखं काहीतरी ठेवायलाली, आई तो पण घेणार होती, ड्रायव्हर धावत आला, तो कोळंबीचा पापड होता. कागदावर ते लिहायचं राहिलं होतं त्याचं.

आईनं ताट पुसून खाल्लं. आणि पुढचे तीन दिवस रोज तेच. २५ हजार रुपियाला एक ताट, आपले १३५ रुपये. एका नानपेक्षा कमी.

शेवटच्या दिवशी आईनं पर्समधली उरलेली शेंगा चटणी त्या बाईला दिली. तिनं बोटावर घेऊन चाटली, डोळे मोठे केले, काहीतरी बोलली, आई पण कन्नडमधनं काहीतरी बोलली. दोघींना काय कळलं देवाला माहीत, दहा मिनिटं चाललं होतं.

विजापूरवेस_अज्जू:

क्या बात है. अम्मीला वाचून दाखवलं हे.

वस्ताद_जुळेसोलापूर:

बघा, त्या वारुंगवाल्या बाईकडं रोजचे ड्रायव्हर जेवत असणार. तिला चव सांभाळायलाच लागते.

पेठेतला_पाहुणा:

सोलापूरकरांनो, पुण्याहून लिहितोय, रागावू नका. तुम्ही बालीवाल्यांना नावं ठेवताय पण तुमच्याकडे काय वेगळं आहे? मागच्या महिन्यात वंदे भारतने आलो, अक्कलकोट-तुळजापूर केलं गाडी करून. रस्त्यात एका चकाचक हॉटेलात "स्पेशल सोलापुरी थाळी" घेतली. शेंगा भाजी म्हणून जे आलं ती लाल ग्रेव्ही आणि वर अख्खे दाणे तरंगत होते. कडक भाकरी म्हणून मऊ भाकरी तव्यावर करपवून दिलेली. ३८० रुपये. अक्कलकोटला अन्नछत्रात जेवलो ते त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, साधं पण गरम.

गड्डा_फॅन:

हायवेच्या चकाचक हॉटेलात कशाला गेलात ओ, गावात यायचं ना. कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पेठेतला_पाहुणा:

तेच तर. बालीत सुनीलरावांनी पण कुणाला विचारलं नव्हतं. टुरिस्टला कुठे माहीत असतं कुणाला विचारायचं.

भुईकोट७०:

पुणेरी टोमणा पण बरोबर आहे बे. 😑

वस्ताद_जुळेसोलापूर:

पाहुणे बरोबर बोलायलेत. शेंगा भाजी म्हणजे दाण्याचं बारीक कूट, काळं तिखट, लसूण, आणि मंद आचेवर वर तेल येईपर्यंत शिजवायचं. दाणा दिसलाच नाही पाहिजे. पण ज्याला माहीत नाही त्याला ताटात दाणे दिसले की त्याला वाटतं हीच शेंगा भाजी. हॉटेलवाल्याला पण तेच पाहिजे.

माझंही सांगतो, लपवत नाही. पौर्णिमेला अक्कलकोटहून परतणाऱ्या गाड्या माझ्याकडं थांबतात, एकदम ३०-४० माणसं. पहिल्या वर्षी मी पण त्यांच्यासाठी वेगळं पातेलं लावायचो, तिखट कमी, पाणी जास्त. सवय ती, बाहेरची. एकदा मेसच्या पोरानं चुकून त्या पातेल्यातलं वाढून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "वस्ताद, हे कुणाचंय?" तेव्हापासून एकच पातेलं. ज्याला तिखट लागतं त्याला ताक देतो, ताकाचे पैसे घेत नाही.

पेठेतला_पाहुणा:

पत्ता कळवा, पुढच्या वेळी तुमच्याकडेच.

हुतात्मा_एक्स्प्रेस:

विषय निघालाच आहे तर, आपल्या इथं कुठल्या हॉटेलात सर्व्हिस चार्ज लावला तर तो काढायला सांगता येतो. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षणवाल्यांनी नियम काढले की बिलात आपोआप लावायचा नाही, आणि २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं ते नियम कायम ठेवले. द्यायचा तर आपल्या खुशीनं. गोव्याला एका ठिकाणी मी काढून घेतला, वेटरला वेगळे शंभर दिले. बाहेरच्या देशात हे चालत नाही, तिकडं त्यांचा कायदा.

गड्डा_फॅन:

कोटनीस डॉक्टर आपल्या सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेले, त्यांनी तिकडं काय खाल्लं असेल बे? ना शेंगा चटणी ना इंडियन रेस्टॉरंट. आपण सहा दिवसात रडतोय.

अक्का_नवीपेठ:

खरंय बाई. ती माणसंच वेगळी.

सातरस्ता_सुन्या:

सगळ्यांचे आभार. युरोपसाठी ठरलं, कडक भाकरी ६० (अक्का, डबा कुठल्या मापाचा ते सांगा), चटणी दोन किलो, आणि इंडियन रेस्टॉरंटमध्ये जायचंच झालं तर आयकार्ड बघून. बर्फात गेलो तर काकांच्या आठवणीनं वरणभात खाईन.

वस्ताद, एक काम आहे तुमच्याकडं. आईनं काल घरी गादो-गादो केला. गवार, बटाटा, कोबी उकडली आणि वर आपलीच शेंगा चटणी गरम पाण्यात कालवून चिंच-गूळ घातला. पोरांनी खाल्लं पण त्या बाईसारखं लागेना, आई सकाळपासून अस्वस्थ आहे. काय राहिलं असेल?

वस्ताद_जुळेसोलापूर:

चटणीत जिरं असतंय ना, ते आडवं येतंय. आईंना म्हणावं दाणे नुसते भाजून घ्या, जिरं नको, लसूण कमी, आणि मिक्सर नको, उखळातच. शिवाय ते लोक आल्या-हळदीसारखा एक कंद घालतात, केंचूर, तो इकडं सहज मिळायचा नाही, त्याच्याऐवजी आंबेहळद किसून किंचित टाकून बघा. नाही जमलं तर गुरुवारी आईंना घेऊन या, माझ्याकडं मोठं उखळ आहे.

अक्का_नवीपेठ:

डबा नऊ इंची, सुनील. आणि ६० कमी पडतील, पोरं पण खातात.